पत्रातला एक परिच्छेद मागे घ्या, बाकीच्यावर ठाम राहा

प्रश्न : आमची बॅप्टिस्ट मंडळी महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. दोन वर्षांपूर्वी मंडळीत फूट पडली आणि एक गट आमच्या तेव्हाच्या पाळकांसह वेगळा झाला. त्यांच्या मते इतर मंडळ्यांत झालेला बाप्तिस्मा ग्राह्यच नाही, आणि इतरांशी सहभागिता ठेवणारे आम्ही नावापुरते बॅप्टिस्ट. प्रवचनांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आम्हाला ‘मेंढरांच्या वेषातले लांडगे’ म्हटलं जातं. शेवटी मंडळीच्या सभेत ठराव झाला आणि गेल्या महिन्यात सचिव म्हणून माझ्या सहीनं चार पानी पत्र अकरा मंडळ्यांना गेलं. त्यात त्यांच्या शिकवणीवर टीका होती, त्यांना ‘खोटे शिक्षक’ म्हटलं होतं आणि ‘इमारत निधीचे पैसे खाल्ले’ असंही लिहिलं होतं. आता वकिलाची नोटीस आली आहे. पंधरा दिवसांत माफी मागा, नाहीतर बदनामी आणि धार्मिक भावना दुखावल्याबद्दल कारवाई करू, असं तीत म्हटलं आहे. त्याच गटानं नवे विश्वस्त निवडल्याचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांतला बदल नोंदवून घेण्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात दिल्याचंही कळलं. आम्ही उलट बदनामीचा दावा करावा का? आमच्यातले काही वडीलधारे म्हणतात की बायबलमध्ये प्रेषित पौलानं कोर्टात जायला मनाई केली आहे.

उत्तर : तुमचं पत्र आणि त्यांची नोटीस मी शेजारी ठेवून वाचली. तुमच्या पत्राची जवळजवळ साडेतीन पानं मी उद्या न्यायाधीशांसमोर निर्धास्तपणे ठेवीन. इमारत निधीचा परिच्छेद मात्र ठेवता येणार नाही. नोटीस पाठवणाऱ्या वकिलांनीही नेमक्या त्याच ओळी अधोरेखित केल्या आहेत.

फरक असा आहे. एखाद्याची शिकवण चुकीची आहे, ती बॅप्टिस्ट विश्वासाला धरून नाही, तो खोटा शिक्षक आहे, हे म्हणणं म्हणजे श्रद्धेच्या विषयावर दिलेलं मत. ते खरं की खोटं हे मोजायला कोर्टाकडे माप नाही. ‘पैसे खाल्ले’ ही मात्र घटना आहे. ती घडली असेल किंवा नसेल, आणि घडली असं म्हणणाऱ्यानं ती दाखवावी लागते.

तुमचं पत्र १ जुलै २०२४ नंतरचं, म्हणून त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू होतं. जुन्या दंड संहितेतली ४९९ आणि ५०० ही कलमं आता त्यात आली आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. या कलमाला दहा अपवाद आहेत आणि सहावा तुमच्या कामाचा आहे. जो माणूस जाहीर भाषण करतो, तो ते लोकांच्या पारखीसाठी ठेवतो, असं कायदा मानतो. त्या भाषणावर आणि भाषणातून दिसणाऱ्या वक्त्याच्या स्वभावावर सद्‌भावनेनं मत दिलं तर ती बदनामी होत नाही. खुल्या उपासनेतलं प्रवचन यात बसतं, असं माझं मत आहे.

याच अपवादाखाली कायद्यानं दिलेली दोन उदाहरणं तुमच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. एकात टीकाकार म्हणतो की पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्यावरून लेखक दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे. हे चालतं, कारण निष्कर्ष पुस्तकातूनच काढला आहे. दुसऱ्यात तो म्हणतो की पुस्तक असं निघालं यात नवल नाही, कारण लेखक मुळातच दुबळा आणि बदफैली आहे. हे चालत नाही, कारण इथे पुस्तक बाजूला राहिलं आणि माणसाच्या खाजगी आयुष्यावर आरोप झाला. तुमच्या पत्राची पहिली दोन पानं पहिल्या उदाहरणासारखी आहेत. त्यांचं प्रवचन कोणत्या दिवशीचं, ते काय म्हणाले, शास्त्रातल्या कोणत्या वचनाशी ते जुळत नाही, असं तुम्ही एकेक मुद्दा घेऊन लिहिलं आहे. ही पद्धत सोडू नका.

निधीबद्दल तुम्ही मला कळवता की ‘हे सगळ्यांना माहीत आहे’. कोर्टात हे वाक्य कामाचं नाही. मी कागद मागितले तेव्हा तुम्ही पासबुकातल्या रक्कम काढल्याच्या तीन नोंदी पाठवल्या. त्या नोंदींवरून पैसे निघाले एवढं सिद्ध होतं, खाल्ले हे होत नाही. कदाचित खाल्लेही असतील, मला माहीत नाही, आणि पत्र पाठवताना तुम्हालाही माहीत नव्हतं. कायद्याच्या भाषेत योग्य काळजी न घेता केलेली गोष्ट सद्‌भावनेनं केली असं म्हणताच येत नाही, आणि अपवादात बसतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. फौजदारी बाजूला तर नुसतं सत्य असूनही भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

नववा अपवाद आपलं किंवा दुसऱ्याचं हित जपण्यासाठी सद्‌भावनेनं केलेल्या विधानांना संरक्षण देतो. त्या निधीला वर्गणी दिलेल्या मंडळ्यांना तुम्ही हिशेबाबद्दल कळवलं असतं तर त्याचा आधार मिळाला असता. पण अकरांपैकी बहुतेकांचा त्या पैशाशी संबंध नव्हता. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मंडळीचा ठराव तुमची ढाल होत नाही. सही तुमची आहे, आणि आरोपी म्हणून समन्स निघालं तर ते तुमच्या नावानं निघेल. ज्यांनी हात वर करून ठराव केला त्यांनी हे समजून तुमच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.

म्हणून मुदत संपायच्या आत उत्तर द्या आणि त्यात एवढंच मागे घ्या : ‘इमारत निधीचा अपहार झाला, हे विधान आम्ही मागे घेत आहोत. निधीतून काढलेल्या रकमांच्या पावत्या आम्हाला मिळालेल्या नाहीत आणि हिशेबाची आमची मागणी कायम आहे.’ हाच मजकूर त्याच अकरा मंडळ्यांना पाठवा. शिकवणीवरच्या टीकेबद्दल माफी मागू नका. पत्रातला एक शब्दही मागे घेणं म्हणजे हार, असं काही तरुण सभासदांना वाटतं, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांना सांगा की न तपासता लावलेला आरोप मागे घेतल्यानं पावत्या मागणाऱ्याचा आवाज उलट भक्कम होतो. खरा अपहार झाला असेल तर तो काढायची जागा वेगळी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांना हिशेब मागवण्याचे, न्यासाची कागदपत्रं तपासण्याचे, कलम ४१अ खाली निर्देश देण्याचे आणि गैरव्यवहार दिसला तर विश्वस्ताला दूर करण्याचे अधिकार आहेत. तिथे अर्ज करा, पासबुकाच्या त्याच तीन नोंदी जोडून.

धार्मिक भावनांच्या धमकीनं घाबरून जाऊ नका, पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नका. न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे दंड संहितेतलं जुनं २९५अ, दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यात बोलावणं येऊ शकतं. मात्र ते कलम जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवताना सांगितलं की अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात येत नाही. बाप्तिस्मा कुणाचा ग्राह्य यावरचा वाद त्यात बसवणं कठीण आहे. शिवाय सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्ट या कलमाची दखल घेऊ शकत नाही, आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. हजर राहण्याची नोटीस आली तर वकिलासह जा आणि मूळ पत्र बरोबर ठेवा.

उलट दावा करावा का? माझं उत्तर नाही असं आहे. ‘लांडगे’ हा शब्द झोंबतो, हे मी समजू शकतो. पण तो शास्त्रातला शब्द आहे, शिकवणीच्या वादात तो फार पूर्वीपासून वापरला जातो, आणि तुम्हीही त्यांना खोटे शिक्षक म्हटलंच आहे. दोन्ही शब्द एकाच तागडीत जातील. त्यांच्या संदेशांत कुणा व्यक्तीवर चोरीचा, व्यभिचाराचा असा घटनेचा आरोप असेल तर तो वेगळा काढून मला पाठवा. दिवाणी भरपाईच्या दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून फक्त एक वर्ष असते, आणि दोन वर्षांपूर्वीचे संदेश त्या मुदतीबाहेर गेले आहेत. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं मिळतात. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ज्या फोनवर संदेश आले तो फोन विकू नका, रीसेटही करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन घाबरले आहेत असं तुम्ही लिहिता. दुसऱ्या सभासदाच्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिली त्या चेंज रिपोर्टकडे येऊ. तुमची मंडळी, इमारत आणि नाव हे सगळं त्या कागदावर अवलंबून आहे, आणि गेला महिनाभर तुम्ही लांडगे या शब्दाचं उत्तर लिहिण्यात घालवला.

‘खरे बॅप्टिस्ट कोण’ हे कुठलंही कोर्ट ठरवणार नाही. बॅप्टिस्टांनीच याची मागणी पहिल्यापासून केली आहे. १६१२ च्या सुमारास थॉमस हेल्विस यांनी इंग्लंडच्या राजाला सांगितलं की माणसाच्या विश्वासावर राजाचा अधिकार चालत नाही, आणि त्यापायी ते तुरुंगात गेले. तुमच्या परंपरेत बिशप नाही, वरून आदेश देणारी सत्ता नाही, प्रत्येक मंडळी स्वतंत्र. म्हणून फूट पडली की न्यायाला उरतात फक्त मंडळीचे स्वतःचे कागद : ट्रस्टची घटना, सभासद नोंदवही, सभेच्या सूचना, इतिवृत्त.

हे कागद किती निर्णायक ठरतात ते १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले त्यानंतर दिसलं. त्या वर्षी नागपुरात त्यांचं एकत्रित चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि त्यात उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही सामील झाली. ब्रदरन या दुसऱ्या पंथाची मंडळीही सामील झाली, पण गुजरातमध्ये तिच्या मिळकतींवरून दावे चालू राहिले. २००५ मध्ये लवजीभाई रतनजीभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की न्यास कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचे असे प्रश्न धर्मादाय यंत्रणेपुढे जावेत, दिवाणी कोर्टात नव्हे. २०१३ मध्ये पुन्हा सांगितलं की नुसत्या ठरावानं एक संस्था दुसरीत विरघळत नाही, कायद्यातली रीत पाळावी लागते. तो कायदा आपल्याकडचाच, मुंबई सार्वजनिक न्यास अधिनियम, म्हणजे आजच्या महाराष्ट्र अधिनियमाचं जुनं नाव. एवढ्या मोठ्या एकीकरणाला जी अट लागली तीच सत्तर सभासदांच्या मंडळीला लागते.

तेव्हा मला आधी हे सांगा : वेगळे झालेल्यांची नावं तुम्ही नोंदवहीतून कमी केली का? कुठल्या सभेत, किती दिवसांची सूचना देऊन, घटनेतल्या कुठल्या नियमानं? केली नसतील तर कायद्याच्या नजरेत ते अजून तुमचेच सभासद आहेत आणि त्यांना मत आहे. हे ऐकायला कठीण आहे, पण त्यांचे वकील पहिल्याच तारखेला हेच विचारतील. दुसरं, धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा. अशा मंडळ्यांच्या उताऱ्यावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या विश्वस्तांची नावं मी अनेकदा पाहिली आहेत. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत कळवायचा असतो, न्यास अधिनियमाच्या कलम २२ खाली. तुमच्या विश्वस्तांचा बदल तुम्ही कळवलाच नसेल तर विलंब माफीच्या अर्जासह तो आधी द्या.

त्यांच्या चेंज रिपोर्टवर हितसंबंधी व्यक्ती म्हणून कलम ७३अ खाली सामील होण्याचा अर्ज याच आठवड्यात करा. हरकतीत शिकवणीचा एक शब्दही नको. सभेची सूचना कुणाला मिळाली नाही, गणपूर्ती नव्हती, मतदान करणारे सभासद होते का, एवढंच लिहा. इमारत विकायची किंवा तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायची हालचाल दिसली तर कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते हे लेखी कळवा.

इमारतीचं कुलूप कुणीही तोडायचं नाही. त्यांची उपासना चालू असताना आत शिरायचं नाही, आणि त्यांनी तसं केलं तर आतून ढकलाढकली करायची नाही. उपासनेत अडथळा आणणं न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. दोन गट दारात भिडले की कार्यकारी दंडाधिकारी इमारत ताब्यात घेऊन सील करू शकतात. मग महिनोन्‌महिने कुणालाच आत जाता येत नाही. असं झालेलं मी पाहिलं आहे. रविवारच्या वेळा वाटून घेण्याचा लेखी प्रस्ताव तुम्हीच पाठवा, ‘हक्क अबाधित ठेवून’ हे शब्द घालून.

राहिली पौलाची गोष्ट. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात भावानं भावाला कोर्टात ओढण्याबद्दल तो रागावतो, आणि बदनामीचा दावा करू नका असं सांगताना मलाही तीच ओळ आठवली. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या पंचविसाव्या अध्यायात अन्याय्य चौकशी टाळण्यासाठी तोच पौल कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, न्याय मागतो. धर्मादाय कार्यालयात हरकत नोंदवणं म्हणजे भावावर खटला भरणं नव्हे, तुमच्याकडे सोपवलेल्या मिळकतीचा तो हिशेब आहे. तरीही वडीलधाऱ्यांच्या मनात शंका राहिली तर दोन्ही गट मानतील अशा तिसऱ्या मंडळीतल्या दोघांना मध्यस्थ नेमा. फक्त मिळकतीबाबत तिथे जे ठरेल ते आयुक्तांपुढे मांडल्याशिवाय अमलात आणू नका.

नोटिशीच्या उत्तराचा मसुदा, घटनेची प्रत आणि नोंदवहीतली गेल्या तीन वर्षांची पानं मला परवापर्यंत पाठवा. पंधरापैकी सहा दिवस गेले आहेत.