"आधी तू खा"

मावशी, दीड वर्षापूर्वी माझं लग्न झालं. यांची पहिली बायको आजारपणात गेली, मुलगी आता सहा वर्षांची आहे. आमचं छान जमत होतं. दिवाळीच्या सुट्टीत तिने आतेभावंडांबरोबर हिमगौरीचा कार्टून सिनेमा पाहिला आणि घरी येऊन विचारलं, "तू माझी सावत्र आई आहेस ना?" तेव्हापासून मी चिरलेलं सफरचंद ती खात नाही. "आधी तू खा," म्हणते. सासूबाई म्हणतात, टीव्हीच बंद करा. मला रडू येतं. काय करू?
– एक वाचक, नाशिक

अगं, सफरचंदाचं वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात कालवलं. पण तिने विचारलं हे फार बरं झालं. मनात ठेवलं असतं तर तुला कळलंही नसतं.

'सावत्र' हा शब्द तुम्ही मोठ्यांनी घरात कधी काढलाच नसणार. मग तो तिला भेटला थेट त्या राणीच्या रूपात. आता तिच्या बाबांनी तिला जवळ घेऊन सरळ सांगावं: तुझी आई गेली, ही दुसरी आई, हिला सावत्र म्हणतात. हे तू सांगू नकोस, त्यांनीच सांगायचं.

त्या राणीची तर वेगळीच गंमत आहे. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली ही गोष्ट छापली, तेव्हा हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती! १८१९च्या आवृत्तीत तिला सावत्र करून टाकलं. हान्सेल-ग्रेटेलच्या आईचंही पुढे तेच झालं. डिस्नेचा १९३७चा सिनेमा आला तो या बदललेल्या गोष्टीवरून. म्हणजे सख्ख्या आयांची अब्रू राखायला तुमच्या जातीचा बळी गेला, दुसरं काय!

आपल्याकडेही ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची आहे. पण कुंतीही आहे ना. नकुल-सहदेव माद्रीचे, वाढवले कुंतीने. तळ्याकाठी यक्ष म्हणाला, चौघांतल्या एकालाच उठवतो. युधिष्ठिराने भीम नाही, अर्जुन नाही, नकुल मागितला. कुंतीचा एक मुलगा मी आहेच, माद्रीचाही एक राहू दे, म्हणाला. रात्री दिवा मालवल्यावर ही गोष्ट सांग. "बघ, मी पण कुंतीसारखीच" असलं काही जोडू नकोस हं. तिला त्यातली माद्री ऐकू येऊ दे, गेलेली, तरी हिशेबात धरलेली. तिच्या आईचा फोटो घरात कुठे आहे? कपाटात असेल तर बाहेर काढा.

सासूबाईंना सांग, टीव्ही बंद केला तर राणी पलंगाखाली येऊन बसेल. तोच सिनेमा तिच्याबरोबर बसून शेवटपर्यंत पाहा. पोरं घाबरली की मधेच उठून पळतात, राणी कड्यावरून पडते ते बघायचंच राहतं. मधे थांबवून विचार, "ही एवढी का चिडली गं?" उत्तर येईल ते ऐकून घे, लगेच समजवायला जाऊ नकोस.

सफरचंद तिच्यासमोर चीर, फोड तिलाच निवडू दे, आणि "आधी तू खा" म्हणाली की खा. चेहरा पाडू नकोस. चार-आठ दिवसांत कंटाळेल. फक्त ग्रिमांची मूळ गोष्ट सध्या तिच्या हाती लागू देऊ नकोस. त्यात राणी सफरचंदाची बिनविषारी अर्धी बाजू आधी स्वतः खाऊन दाखवते.