क्रिएटिनिन 1.7 झालं म्हणून हार्टच्या गोळ्या बंद करायच्या का?

ताई, तुमचं वाचलं आणि आमच्या आईची फाइलच डोळ्यांसमोर आली. तुमच्या बाबांचं पंपिंग (हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलतं ते) 30 टक्के, ॲडमिट होऊन सूज उतरली, नव्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा, ती मंदावली की रक्तात वाढतो) 1.3 वरून 1.7, पोटॅशियम 5.1, आणि काका म्हणतायत की गोळ्यांनी किडनी खाल्ली, सगळं बंद करा. आणि तुम्ही विचारताय, बाबांच्या हातात किती वर्षं आहेत. मी डॉक्टर नाही. आईचं हार्ट फेल्युअर काही वर्षं निभावतोय, त्या जोरावर लिहितोय. पंपिंग म्हणजे काय, मीठ किती वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन या हार्ट फेल्युअरच्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतंच. किडनीतल्या बारीक गाळण्यांवरचा दाब या गोळ्या उतरवतात, त्यामुळे गाळण्याचा वेग जरा कमी होतो आणि रिपोर्टमध्ये आकडा वर दिसतो. पुढे जाऊन डापाग्लिफ्लोझिन किडनीची घसरण मंदावतं, म्हणून तर ते आता किडनीच्या रुग्णांनाही देतात. सॅक्युबिट्रिलच्या गटातल्या गोळ्यांसाठी युरोपातल्या कार्डिऑलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचना मूळ आकड्याच्या 50 टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात, क्रिएटिनिन 3 च्या आत असेल तर. बाबांची वाढ 31 टक्के आहे. म्हणून निवांत बसा असं मी म्हणत नाहीये. रिपोर्ट लवकर परत करा आणि कार्डिऑलॉजिस्टना दाखवा. काकांना नको.

त्या रिपोर्टसोबत आणखी दोन गोष्टी सांगा: सकाळचं वजन आणि पायाची सूज. वजन उतरतंय, बोट दाबल्यावर नडगीवर खड्डा पडत नाही, दोन उश्यांऐवजी एका उशीवर झोप लागते आणि क्रिएटिनिन जरा वर आहे, तर ते बहुतेक वेळा पाणी निघाल्याचं लक्षण असतं. वजन वाढतंय, लघवी कमी झालीय, दम लागतोय आणि क्रिएटिनिनही चढतंय, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. अशा वेळी किडनीतून रक्त पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. पुष्कळांना वाटतं की किडनीला रक्त कमी पडतं म्हणूनच ती बिघडते. हार्ट फेल्युअरमध्ये हे तुंबणंही तेवढंच नडतं.

‘किती वर्षं’ या तुमच्या प्रश्नाला एका रिपोर्टवरून कुणीच उत्तर देऊ शकत नाही, देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. किडनी मंदावली की धोका वाढतो हे मात्र खरं, ते लपवत नाही. त्यात क्रिएटिनिनपेक्षा युरिया जास्त बोलका. अमेरिकेतल्या ॲडहियर या हार्ट फेल्युअरच्या नोंदवहीतून 2005 मध्ये जे निष्कर्ष आले, त्यात ॲडमिट झालेल्या रुग्णांचा धोका ओळखायला बीयूएन (रक्तातल्या युरियामधला नायट्रोजन) हा सगळ्यात उपयोगी आकडा ठरला. बीयूएन 43 किंवा जास्त, वरचं बीपी 115 च्या खाली आणि क्रिएटिनिन 2.75 किंवा जास्त, हे तिन्ही असलेल्यांत हॉस्पिटलातच दगावण्याचं प्रमाण सुमारे 22 टक्के होतं. बीयूएन कमी आणि बीपी चांगलं असलेल्यांत सुमारे 2 टक्के. बाबा दुसऱ्या टोकाच्या जवळ आहेत की नाही ते युरिया बघून कळेल, तो तुम्ही लिहिलेला नाही. (आपल्याकडे बऱ्याच लॅब ‘ब्लड युरिया’ छापतात. त्याला 2.14 ने भागलं की बीयूएन. आमच्या शेजाऱ्यांनी युरिया 60 ला बीयूएन समजून अख्खं घर रडवलं होतं.)

आणखी एक, आपल्या देशातलं. तिरुअनंतपुरममध्ये 2013 साली हार्ट फेल्युअरच्या 1205 रुग्णांची नोंद झाली. पहिल्या 90 दिवसांत दगावण्याशी जोडलेल्या कारणांत वाढलेलं क्रिएटिनिन होतं आणि औषधं अपुरी मिळणंही होतं. क्रिएटिनिन वाढलं म्हणून औषधं तोडली, तर एकाच्या जागी दोन्ही कारणं घरात येतात.

आमच्याकडे नेमकं तेच झालं, आणि सुरुवात झाली डिस्चार्ज कार्डापासून. आई ॲडमिट झाली तेव्हा छातीत पाणी, क्रिएटिनिन 2.1. घरी सोडताना कुणीतरी कार्डावर लिहिलं: ‘नोन केस ऑफ सीकेडी स्टेज 4’, म्हणजे किडनीचा जुनाट, बराच पुढे गेलेला आजार. आधीचा रिपोर्ट कुणी मागितला नाही. सीकेडी म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला लागतो, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत तिचं क्रिएटिनिन 0.9 होतं. गावच्या फिजिशियनांनी कार्ड वाचलं, ‘किडनीचा पेशंट आहे’ म्हणून हार्टच्या दोन गोळ्या बंद केल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. वजन चढायला लागलं, आई पुन्हा ॲडमिट. त्या बिलाचा क्लेम विमा कंपनीने फेटाळला: किडनीचा जुना आजार लपवलात. पुरावा काय, तर तेच कार्ड!

कार्ड दुरुस्त करून मागायला गेलो तर रेकॉर्ड विभाग म्हणे डॉक्टरांची सही आणा, डॉक्टर म्हणे हे रेकॉर्डवाल्यांचं काम, टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी एजन्सी) खिडकीवर म्हणे छापलंय ते छापलंय. शेवटी 0.9 चा रिपोर्ट आणि नंतर खाली आलेले आकडे तारखेने एका कागदावर लावून मुख्य कन्सल्टंटसमोर ठेवले. त्यांनी पाच मिनिटांत ‘अक्यूट किडनी इन्जुरी, सुधारणा’ असं पत्र दिलं, म्हणजे किडनी अचानक बिघडली होती आणि सावरली. ते जोडून विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला, तेव्हा पैसे सुटले. तिथेही अडलं असतं तर पुढे विमा लोकपाल आहेत, तक्रारीला फी लागत नाही. म्हणून सांगतो, बाबांचं कार्ड आजच काढून वाचा. त्यावर ‘सीकेडी’ असेल तर कशाच्या आधारावर, ते विचारा. विचारलं की राग येतो लोकांना. येऊ दे.

बाकी सुटं सुटं: दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या, पद्धत बदलली की आकडा थोडा हलतो. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. पाण्याची गोळी (लघवीवाटे पाणी काढणारी) आणि सॅक्युबिट्रिल चालू असताना ही तिसरी गोळी किडनीला खाली बसवते. बाबा फार वाळले असतील तर क्रिएटिनिन फसवं कमी दिसतं, कारण ते स्नायूंतून येतं. तसं असेल तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्तचाचणी करायची का ते विचारा, महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कुठली गोळी थांबवायची ते तेच सांगतील.

नारळपाण्याचं विचारलंत. पोटॅशियम 5.1 असताना तूर्त नकोच, आणि ‘लो सोडियम’ मीठही नको, त्यात पोटॅशियमच असतं. पुढच्या रिपोर्टमध्ये खाली आलं तर डॉक्टरांना विचारून बघा. युरिया, रोजचं वजन आणि पाण्याच्या गोळीचा डोस इथे टाका, मग पुढचं बोलू.