संस्कृतनंतर आधुनिक ग्रीक: पदवी घ्यावी का आणि पुढे काय?

ताई, तुमची मुलगी पुण्यात संस्कृत घेऊन बी.ए. करते आहे, तिला पुढे युरोपात आधुनिक ग्रीक शिकायचंय, आणि ‘याने पोट भरेल का?’ असं तुम्ही विचारलंय. मी व्हिएन्नात हाच विषय शिकले, म्हणून जरा लांबण लावते.

नुसत्या ग्रीकवर पोट भरत नाही. जोडीला दुसरं काहीतरी हवंच, आणि संस्कृत ही तशी जोड होऊ शकते.

आधी तिला एवढंच विचारा: प्राचीन ग्रीकमधला प्लेटो वाचायचाय की आजच्या अथेन्समध्ये वावरायचंय? हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, बऱ्याचदा विभागही वेगळे. व्हिएन्नात आधुनिक ग्रीक बायझंटाईन (म्हणजे मध्ययुगीन पूर्व रोमन साम्राज्याच्या) अभ्यासाच्या शेजारी बसते, प्लेटोच्या नाही. तिथे शिकायचं तर जर्मन आलंच. ऑक्सफर्डला ग्रीकचा गंधही नसताना प्रवेश मिळतो, पण भारतीय विद्यार्थ्याला पडणारी फी बघून मगच स्वप्नं रंगवा.

भाषा अवघड आहे. अमेरिकी परराष्ट्र खातं आपल्या लोकांना ती शिकवायला सुमारे 1100 तास धरतं (गंमत म्हणजे हिंदीही त्याच गटात आहे). आपल्याला मात्र तीन लिंगं, विभक्त्या, संबोधन यांचा धक्का बसत नाही, आणि संस्कृतवालीला तर नाहीच. छळतं ते शुद्धलेखन. ‘ई’ हा एकच उच्चार पाच-सहा तऱ्हांनी लिहितात. शिवाय 1976 पर्यंत शिक्षण आणि कारभार ‘कथारेवुसा’ या मुद्दाम जुन्या वळणाच्या भाषेत चालायचा, आणि अक्षरांवरच्या आघातचिन्हांचं जंजाळ 1982 मध्ये सुटसुटीत झालं. म्हणजे आजची बोली येत असली तरी शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र वाचायला वेगळी मेहनत लागते.

आता नोकऱ्या. ग्रीक 1981 पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, त्यामुळे ‘ब्रुसेल्सला भाषांतरकार’ हे उत्तर बरेच जण देतात. ते मनातून काढा. तिथे भाषांतर सहसा आपल्या मातृभाषेत करतात आणि कायम नोकरीला संघातल्या देशाचं नागरिकत्व लागतं. जहाजांचंही तसंच. वहनक्षमतेने जगातला सगळ्यात मोठा व्यापारी ताफा ग्रीक मालकांकडे आहे, आपले दर्यावर्दीही त्यांच्या जहाजांवर असतात, पण कामकाज इंग्रजीत. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातल्या कचेरीत ग्रीकमुळे माणसं लवकर आपलीशी होतात, हे खरं. नोकरी मात्र सागरी कायदा किंवा मालवाहतुकीचे करार कळणाऱ्याला मिळते. ग्रीसमध्ये शेतीवर पंजाबी मजूर बरेच आहेत. त्यांच्यासाठी कोर्टात, दवाखान्यात हिंदी-पंजाबीचे दुभाषे लागतात. काम मोलाचं, पण त्यावर घर चालेल असं समजू नका.

तिच्यासाठी खरी वाट मला वेगळीच दिसते. दिमित्रिओस गालानोस हा अथेन्सचा माणूस 1786 मध्ये कलकत्त्याला आला, तो तिथल्या ग्रीक व्यापाऱ्यांची मुलं शिकवायला. पुढे काशीला गेला, पंडितांकडे संस्कृत शिकला आणि 1833 मध्ये वारला तोवर तिथेच राहिला. गीता, भर्तृहरी, रघुवंश असं बरंच त्याने ग्रीकमध्ये नेलं. ही भाषांतरं त्याच्या मृत्यूनंतर अथेन्समध्ये छापली गेली, हस्तलिखितं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्याची ग्रीक जुन्या वळणाची आणि विषय संस्कृतचे, म्हणजे त्यांचा अभ्यास करायला दोन्ही भाषा नीट येणारं माणूस हवं. अशी माणसं फार थोडी. दिल्लीच्या जेएनयूत त्याच्या नावाचं ग्रीक अध्यासनही स्थापन झालं होतं. यातून पीएच.डी. आणि मग अध्यापन किंवा ग्रंथालयाचं काम, अशी वाट निघू शकते. पगार पीएच.डी.च्या आधी विचारू नका, नंतरही जपूनच!

साहित्यात रमणारी असेल तर सेफेरिस (1963) आणि एलितिस (1979) हे दोन नोबेलविजेते कवी आहेत, कवाफी आहे. ते थेट ग्रीकमधून मराठीत आणायला मोकळं रान आहे. पण हा उद्योग नोकरी सांभाळून करायचा.

पदवीवर पैसे ओतण्याआधी तिला घरबसल्या ए2 पर्यंत (युरोपात भाषेच्या ए1 ते सी2 अशा सहा पातळ्या धरतात, त्यातली दुसरी) जाऊ द्या. मग उन्हाळ्यात थेसालोनिकीच्या अॅरिस्टॉटल विद्यापीठातला महिनाभराचा वर्ग. त्याच शहरातल्या ग्रीक भाषा केंद्राची ‘एलिनोमाथिया’ परीक्षा ए1 ते सी2 अशी असते. बी2 च्या खाली असताना ग्रीक माध्यमाच्या वर्गात बसण्यात अर्थ नाही. दरम्यान संस्कृतचं एम.ए. मात्र सोडू देऊ नका. आणि तिला जर्मन किती येतं ते कळवा, त्यावर व्हिएन्नाचं ठरेल.