रिसेप्शनला २५० पाहुणे, मे महिना, लॉनवर कार्यक्रम. तीन मजली केक किती किलोचा सांगावा आणि खर्च कुठे वाचेल?

२५० जणांचा हिशोब धरू नका. बुफेत गुलाबजाम आणि आइस्क्रीम असताना केक सगळे घेत नाहीत. ४०-५० ग्रॅमचा तुकडा धरला तर किलोत २०-२५ जण होतात; ६ किलो पुरेल.

त्यातला वरचा दीड किलोचा मजला खरा, खालचे दोन थर्माकोलचे. उरलेला साडेचार किलो बिनसजावटीचा स्लॅब केक आत कापून वाढायचा. मात्र थर्माकोलच्या डमीवरही फॉन्डंट (साखरेचं लाटून चढवलेलं आवरण) आणि मजुरी लागतेच, त्यामुळे तो फुकट पडत नाही. सुरी कुठे घालायची ते नवरानवरीला आधी दाखवा, नाहीतर ऐन फोटोत ती थर्माकोलमध्ये अडकते!

मेमध्ये उघड्यावर व्हिप्ड क्रीम नको, ओघळतं. आत गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण), वर फॉन्डंट बरं. फॉन्डंट फ्रिजमधून दमट हवेत काढला की घाम येऊन चिकट होतो, रंगही उतरतो.

सगळे मजले खरे घेतलेत तर प्रत्येकाखाली बोर्ड आणि आधाराच्या काड्या हव्यातच. नाहीतर वरचा खालच्यात रुततो. जोडणी लॉनवरच करायला सांगा.

दर विचारताना फॉन्डंट, फुलं, पोहोच आणि स्टँडचं डिपॉझिट धरून लेखी घ्या. नुसता किलोचा भाव फसवा असतो.