देवनागरी झाईनला मध्ययुगीन हस्तलिखिताचं रूप द्यायचंय, गॉथिकसारखा दिसणारा देवनागरी फाँट कुठला?

तुम्ही जळगावचे चौघं मित्र, ए-फोर कागदावर झेरॉक्स करून झाईन, म्हणजे घरगुती छोटेखानी मासिक, काढणार, युरोपातल्या जुन्या पोथ्यांचे फोटो बघून भारावलात आणि फाँटचं नाव विचारताय. मी धुळ्यात डीटीपीचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांची अहिराणी झाईन काढली होती, तेव्हा तुमच्यासारखाच फाँटपासून सुरुवात करून महिना वाया घालवला.

गॉथिक, म्हणजे त्या युरोपी पोथ्यांतल्या टोकदार अक्षराला ते रूप रुंद टाकामुळे येतं. उभे दांडे दाटीवाटीनं, टोकं तिरकी कापल्यासारखी. आपला बोरू कापतात त्याच्या उलट्या तिरकसावर, त्यामुळे देवनागरीत जाड रेघ लॅटिन (इंग्रजीच्या) लिपीच्या विरुद्ध दिशेला पडते. गॉथिकचे काटे 'क'ला चिकटवले की भुताच्या सिनेमाचं पोस्टर होतं. मी करून पाहिलंय.

त्यापेक्षा गूगल फाँट्सवर 'एक टाइप' या संस्थेचा 'जैनी' फुकट मिळतो. जैनांच्या कल्पसूत्राच्या पोथ्यांमधल्या वळणावरून तो केलाय. मथळ्याला झकास. सगळा मजकूर मात्र त्यात लावू नका, आमच्या मावशीनं पान हातात घेतलं आणि विचारलं, "हे गुजराती शे का?" मजकुराला आयआयटी मुंबईचा 'शोभिका' घ्या, तोही फुकट. आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडा. पुष्कळ फाँटांत तेवढ्यानं 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे होतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. इनडिझाइन असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पैसे नसतील तर स्क्रायबस चालेल, फक्त जुनी १.४ आवृत्ती नको.

पहिलं अक्षर मोठं करायचा मोह होणारच. लॅटिनमध्ये एक अक्षर उचललं की झालं. आपल्याकडे 'श्री' किंवा 'क्षे' सबंध उचलावं लागतं. वर शिरोरेषेचा प्रश्न. मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळवली तर वेलांटी वर समासात घुसते, आणि वेलांटी सांभाळायला गेलं तर अक्षर ओळीखाली लटकल्यासारखं दिसतं. मी शिरोरेषा जुळवतो आणि वेलांटी खुशाल समासात जाऊ देतो. तिथे वेल काढायला जागाही मिळते.

पण खरं रूप समासातून येतं. युरोपातल्या वहीसारख्या शिवलेल्या ग्रंथांत शिवणीकडचा समास सगळ्यात कमी, मग वरचा, मग बाहेरचा, आणि खालचा सगळ्यात मोठा. २:३:४:६ हे प्रमाण अभ्यासकांनी मांडलंय, ते धरा. मात्र त्यांच्यासारखे दोन अरुंद रकाने करू नका. त्यांचा लेखनिक शब्द आखडून, संक्षेप करून कड सरळ राखायचा. आपण तेवढ्या रुंदीत दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये पांझरा नदीच्या पात्राएवढ्या फटी पडतात.

मी शेवटी वही सोडून आपल्याच पोथीकडे वळलो. ए-फोर आडवा धरून मधोमध कापा, २९.७ बाय १०.५ सेंटिमीटरची दोन पानं मिळतात, हुबेहूब पोथीची लांबी. वरखाली दीड-दीड सेंटिमीटर सोडलं, १४ पॉइंटच्या अक्षराला २१ पॉइंटची ओळ दिली, की बरोबर दहा ओळी बसतात. डावीउजवीकडे चांगले तीन-तीन सेंटिमीटर सोडा आणि तिथे दुहेरी उभी रेघ. पानाचा आकडा पोथीत मागच्या बाजूला, समासात असतो, तिथेच टाका. शब्द न तोडता सलग लिहायची जुनी रीत मात्र उचलू नका, आजचा वाचक दुसऱ्या ओळीला पान खाली ठेवेल.

छापताना एक घोळ होतो. पोथीचं पान पुस्तकासारखं उलटत नाही, वर पलटतं. म्हणून झेरॉक्सवाल्याला 'लाँग एज', म्हणजे लांब कडेवर पलटायला, सांगा, आणि पुढच्या बाजूच्या वरच्या पट्टीची पाठ मागच्या बाजूला खालच्या पट्टीत लावा. मी वरच्यामागे वरचीच लावली. चाळीस प्रतींत पहिल्या पानाच्या पाठीवर दुसऱ्याचं गाणं आलं, आणि ते कापून झाल्यावर कळलं.

लाल रंग छापू नका, हातानं भरा. युरोपातला जुना मुद्रक गुटेनबर्ग, त्यानंही ४२ ओळींच्या बायबलात सुरुवातीची काही पानं लाल छापून बघितली आणि मग तो नाद सोडून मथळ्यांची जागा हातानं भरायला कोरी ठेवली. आपल्याकडे लाल रंगाला हिंगूळ होता, आणि दंडांवर, म्हणजे वाक्य संपताना येणाऱ्या उभ्या रेघांवर, गेरूचा हलका हात फिरवलेला असायचा. गेरू अजून बाजारात मिळतो. पहिल्या खेपेला मी तो नुसत्या पाण्यात कालवला, तर वाचणाऱ्याची बोटं लाल. डिंकाचं पाणी घातल्यावर धरला. खोडायला पिवळा स्केचपेन वापरा. चुकलेल्या अक्षरावर पूर्वी हरताळ नावाचं पिवळं खनिज लावत, 'हरताळ फासणे' तिथूनच आलंय. राहिलेला शब्द काकपदाची (‸ अशी) खूण करून समासात लिहा.

धुळ्याला आलात तर राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर दोन्हीकडे जुनी हस्तलिखितं बघायला मिळतील का ते विचारून बघा. फोटोत रंग दिसतो, पण शाई कागदात कशी बसलीय ते समोरच कळतं. कागदासाठी लांब बघू नका, एरंडोल आणि यावल पूर्वी हातकागदासाठी नावाजलेली गावं होती. आता पत्रिकांच्या दुकानात खडबडीत पिवळसर कागद मागा, पण झेरॉक्स मशिनमध्ये अडकत नाही ना ते एका पानावर आधी बघा.

शिवू नका. दोन पुठ्ठे आणि जुन्या लुगड्याचा तुकडा पुरतो. शेवटच्या पानावर लेखनिक पाठ-मान मोडल्याची तक्रार करून 'ग्रंथ जपा' म्हणत असे, ती जागा राखा. आम्ही तिथे अहिराणीत लिहिलं की टोनर सत्ताविसाव्या प्रतीला संपला, पुढच्या तेरा फिकट आल्यात, त्या ज्यांना मिळतील त्यांनी उजेडात वाचाव्यात.