किनाऱ्यावरची गाडी: आधी गंज सांभाळा

रत्नागिरीत नवी गाडी आली, अभिनंदन! इंजिनाची धास्ती घेऊ नका, ऑइल वेळेवर बदललंत तर ते वर्षानुवर्षं साथ देतं. आपल्याकडे गाडी संपते ती खालून, गंजाने. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्याच्या जोडांत बसतं आणि पावसाळ्याची ओल त्याला सुकू देत नाही.

म्हणून पावसाआधी खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्या. मात्र दारांच्या तळाशी पाणी निघायला भोकं असतात, ती त्यात बुजली नाहीत ना, हे स्वतः वाकून बघा. बुजली तर दार आतून कुजतं. अधूनमधून गाडी रॅम्पवर चढवून गोड्या पाण्याने खालून धुवा. दगडाने रंगाचा टवका उडाला तर लगेच टचअप करा. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका.

नवे लोक हमखास करतात त्या चुका:

- पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी नेणं. बहुतेक छोट्या एसयूव्हींची फक्त पुढची चाकं ओढतात. गाडी रुतते आणि भरती थांबत नाही.
- आंबा घाट नुसत्या ब्रेकवर उतरणं. ब्रेक तापून धरेनासे होतात. खालचा गिअर टाका.
- साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करणं. हे कधीच नको! इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. टो करून न्या.

सस्पेंशन, टायरबद्दल पुढच्या वर्षी बोलू.