डोप पांढरा पडतो, पंख पिळतो, लाइन ढिली पडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइन, म्हणजे हातातल्या हँडलला तारांनी (लाइनने) बांधून आपल्याभोवती गोल फिरवायचं मॉडेल विमान, उडवलं होतं, आता तीसेक वर्षांनी पुन्हा हात घातलाय. चार फुटी पंखाचं बाल्साचं विमान बांधलं, वजन ११५० ग्रॅम, लाइन १८ मीटर. पंखावर चढवलेल्या पातळ कागदाला (टिश्यूला) ताणून घट्ट करणारं लॅकर म्हणजे डोप; जुलैत मारलेला तो पांढरा पडला म्हणून त्यावर आणखी तीन हात दिले. पंख थोडा पिळला. आणि आता विमान डोक्यावरून न्यायला गेलं की लाइन ढिली पडते, आत येतं. या तीन गोष्टींवर तीन उपाय हवेत.

फोटो मोठे करून पाहिले. तक्रारी तीन नाहीत, एकच आहे. पांढरेपणा झाकायला वरचे तीन हात मारलेत, त्यांनी टिश्यू आणखी ओढला, ओढलेल्या टिश्यूने पंख पिळला, आणि पिळलेला पंख विमान तुमच्या अंगावर ढकलतोय.

आधी पांढरेपणा. थिनर झपाट्याने उडतं, तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. माठातल्या पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसंच हवेतलं पाणी ओल्या डोपवर बसतं, आणि दुधट डाग उमटतो. डोप खराब झालेला नसतो. कोरड्या दिवशी नुसत्या रिटार्डर थिनरचा, म्हणजे हळू उडणाऱ्या थिनरचा, एक पातळ हात फिरवला की डोप पुन्हा विरघळतो, पाणी निघून जातं, डाग जातो. वर नवा डोप मारायची गरजच नव्हती. मी पुण्यात जून ते सप्टेंबर डोपचा डबा उघडतच नाही. ते चार महिने रिबा (पंखाच्या आडव्या फासळ्या) कापायच्या, बेलक्रँक (लाइनची ओढ शेपटीच्या पट्टीपर्यंत नेणारी तरफ) बसवायची, पॉलिश पेपर घासायचा. (हीटर लावून खोली कोरडी करायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. थिनरच्या वाफेला ठिणगी पुरते.)

आता पीळ. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आपण डोप म्हणून वापरतो, ते सुकल्यावर आखडतं, आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं आखडत राहतं. म्हणून १०० मिलीला एरंडेलाचे ८-१० थेंब टाकायचे, म्हणजे ते लवचिक राहतं. वरची आणि खालची बाजू एकाच बैठकीत करायची. वर आज, खाली उद्या असं केलंत की पीळ पक्का. आणि सुकेपर्यंत पंख सपाट जागी बांधून ठेवायचा. आमच्या घरात सगळ्यात सपाट वस्तू म्हणजे ओट्याचा ग्रॅनाइट, त्यामुळे माझी डोपची कामं स्वयंपाक आटोपल्यावर, खिडक्या सताड उघडून आणि गॅसचा कॉक बंद करून होतात. यावरून घरात काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

झालेला पीळ काढता येतो. दोघं लागतात. एकाने पंखाचं टोक धरून उलट्या दिशेने, हवं त्यापेक्षा थोडं जास्तच पिळायचं, दुसऱ्याने हीटगन लांबून फिरवत राहायची. टिश्यू आधी सैल पडतो, चुण्या दिसतात, मग परत ताणतो. तो ताणला की गन बंद, पण हात सोडायचा नाही, पूर्ण गार होईपर्यंत तसंच धरायचं. घाईने सोडलं की पंख जिथे होता तिथे परत जातो. तुमच्यासारख्या जाड थराला दोन-तीन फेऱ्या लागतील. सरळ झाला का ते वरून कळत नाही. विमानामागे चार फुटांवर बसा, एक डोळा मिटा, आणि दोन्ही बाजूंना पंखाची मागची कड पुढच्या कडेच्या तुलनेत सारखीच दिसते का ते बघा.

उडवूनही खात्री करता येते. सरळ उडताना बाहेरचा, म्हणजे तुमच्यापासून लांबचा, पंख वर आणि उलटं उडताना तोच खाली दिसत असेल, तर तो पीळ. सरळ आणि उलटं दोन्हीकडे बाहेरचा पंख वरच राहत असेल, तर त्या पंखाच्या टोकात बसवलेलं शिशाचं वजन कमी आहे. दोन्हीकडे खाली लोंबत असेल, तर जास्त आहे. पिळाची चूक शिशाने झाकायला जाऊ नका. सरळ उडताना बरं वाटेल, उलटं केल्यावर दुप्पट बिघडेल.

लाइन डोक्यावरच का ढिली पडते, याचा हिशोब तुमच्याच आकड्यांनी करू. १८ मीटर लाइनवर एक फेरी साधारण ११३ मीटर. ती ५.१ सेकंदांत होत असेल तर वेग ८० किमी. ११५० ग्रॅमचं विमान त्या वेगाला हँडल सव्वातीन किलोंनी ओढतं. डोक्यावर विमानाचं वजन तुमच्याच दिशेने असतं, म्हणून तिथे राहतात दोन किलो. हेही पुष्कळ झालं. पण चढताना वेग ५५ वर उतरला, तर वर उरतात जेमतेम ३५०-४०० ग्रॅम. त्यात पिळलेला पंख विमान आत कलंडवतो, मग लाइन लोंबणारच. स्टॉपवॉच घेऊन फेरी मोजा. सहा सेकंदांच्या वर जात असेल तर पीळ काढूनही वरचे लूप टाळा, आधी प्रॉप (पंखा) आणि इंजिनाची सुई (इंधन कमी-जास्त करणारी) बघा. लीडआउट, म्हणजे बेलक्रँकपासून पंखाच्या टोकातून बाहेर येणाऱ्या तारा, वजनबिंदूच्या (विमान जिथे तोललं जातं त्या जागेच्या) किंचित मागून बाहेर पडतात ना, तेही तपासा. पुढे असतील तर नाक आत वळतं.

वेग का उतरतो? वजन. आणि तुमच्या विमानात ते लाकडात नाही, रंगात आहे. ३ बाय ३६ इंचांची, १/१६ इंच जाडीची बाल्साची पट्टी ११ ग्रॅम भरली तर हलकी, १८ भरली तर जड. आपण दुकानात तीन-चार ग्रॅमसाठी पट्ट्या निवडत बसतो आणि मग ब्रशने पाव किलो ओततो. मी एकदा ऑइलपेंटचे सहा हात दिले होते. आरशासारखं विमान! आधी आणि नंतर वजन केलं, फरक १७० ग्रॅम. ते लूपच्या माथ्यावर पाचव्या उड्डाणात माझ्या खांद्याशेजारून जमिनीत गेलं.

अमेरिकेतल्या फिनिशिंगचे व्हिडिओ बघून तुम्ही वीस हातांचं वेळापत्रक केलंय, त्याबद्दल. तिथे एएमएच्या (मॉडेल विमानांच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या) कसरतींच्या स्पर्धेत विमानाच्या दिसण्यालाच २० पर्यंत गुण असतात, त्यासाठी विमानं रांगेत मांडून पाहतात. कंट्रोल लाइन कसरतींच्या आंतरराष्ट्रीय एफ२बी गटात दिसण्याला गुण नाहीत. तुम्हाला तर दोन्हीकडे जायचं नाहीये.

पुढच्या वेळी असं करा. उघड्या लाकडाला पातळ डोपचा एक हात, मग तंतू उभे राहतात ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच कापा. टिश्यू चढवा. लाकडावरच्या भागाला डोपमध्ये टॅल्कम पावडर कालवून दोन हात, आणि तो जवळजवळ सगळा घासून काढा. भुकटीने फक्त रेषा भरायच्या असतात, थर ठेवायचा नसतो. उघड्या रिबांवर पावडर अजिबात नको. मग रंग एकच हात, तोही झाकेल इतकाच. शेवटी कार पेंटरकडचं टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं पारदर्शक लॅकर), फवारून, पातळ. ते लागतंच, कारण ग्लो इंधनातलं (या छोट्या इंजिनांच्या इंधनातलं) मेथॅनॉल एनसी लॅकर चिकट करून टाकतं. ते फवारताना गच्चीवर जा आणि योग्य फिल्टरचा मास्क घाला. त्यातलं आयसोसायनेट छातीला बाधतं, साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही.

आणि तीस वर्षांनी परत आलात म्हणून तीन गोष्टी. उडवण्याआधी हँडल ते विमान ओढून बघा, वजनाच्या दहापट, म्हणजे तुमच्याला साडेअकरा किलो. सामान तोलायचा काटा चालतो. हँडलचा पट्टा मनगटाला बांधा. मैदानाच्या कडेला विजेच्या तारा असतील तर तिथे उडवूच नका. लाइन स्टीलची असते.

पीळ काढलात की फोटो टाका. मागून काढलेला, वरून नको.